पुलावरची पाटी आणि कोटी कोटी ग्रह

बेळगावात कॉलेज रोडला एका जिन्याखाली नेट कॅफे होता. तासाला वीस रुपये, मॉनिटर जाडजूड, आणि पंखा फक्त मालकाच्या डोक्यावर. तिथं आम्ही चार-पाच जण 'जीटीए सॅन अँड्रियास' खेळायचो. मिशन पुरं करण्याची घाई कुणालाच नसायची, कारण संवादातलं निम्मं इंग्रजी कळत नसे. चीट कोड (गेमचे नियम मोडू देणारी गुप्त अक्षरं) मारायचा, पाठीला जेटपॅक लावायचा आणि उडत सुटायचं. या गेममध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेटसारखा एक मोठा लाल पूल आहे. त्याच्या खांबाच्या अगदी टोकावर जाऊन उतरलं की तिथं एक छोटी पाटी दिसते. 'इथे वर एकही ईस्टर एग नाही. चालते व्हा,' अशा अर्थाचं इंग्रजी तिच्यावर लिहिलेलं आहे. ईस्टर एग म्हणजे गेम बनवणाऱ्यांनी गुपचूप लपवून ठेवलेली गंमत.

आम्ही पोट धरून हसलो. खरं तर त्या पाटीने आमची चोरी पकडली होती. कुणीतरी टेबलाशी बसून आधीच ओळखलं होतं, की एखादा रिकामटेकडा कधीतरी इथपर्यंत चढणार आणि कोपरान् कोपरा धुंडाळणार. आमच्या आधी तिथं कुणीतरी येऊन गेलं होतं.

परवा भाचा टिळकवाडीच्या घरी लॅपटॉप घेऊन बसला होता. अवकाशयानातून उतरायचा, तांबड्या मातीवर दहा मिनिटं चालायचा, परत यानात बसायचा. मी विचारलं, "काय बघालास रे?"

"ग्रह बघालोय, मामा."

"काय हाय तिथं?"

"काय नाही. पुढच्यात असंल."

त्याचा 'पुढच्यात असंल' आणि आमची पाटी यांत जो फरक आहे, त्याबद्दल हा लेख आहे. ओपन-वर्ल्ड गेम म्हणजे ज्यात खेळाडू मोकळा असतो, मन मानेल तिकडे जातो. असं जग दोन रीतींनी उभं राहतं. एक रीत हाताने घडवण्याची: कुठला डोंगर कुठे, कुठल्या झोपडीत कुठला पेटारा, हे माणसं ठरवतात आणि मांडतात. दुसरी रीत नियम लिहून देण्याची: कॉम्प्युटर त्या नियमांतून डोंगर, गुहा, ग्रह आपोआप काढत जातो. हिला प्रोसिजरल जनरेशन म्हणतात. नाव अवजड आहे, पण कल्पना आपल्या दारातली आहे. ठिपक्यांच्या रांगोळीत ठिपके किती आणि रेघ कुठून वळवायची एवढं ठरलं की नक्षी त्यातून निघते. नक्षी कुणी पाठ करत नाही.

आधी ही दुसरी रीत समजून घेऊ, कारण तिच्याबद्दल गैरसमज जास्त आहेत.

पहिला गैरसमज असा की एवढे ग्रह कुठेतरी साठवून ठेवलेले असतात. साठवलेले नसतात. कुंद्याची कृती पोस्टकार्डावर मावते, कुंदा मावत नाही. गेममध्ये फक्त कृती असते, आणि तुम्ही ग्रहाजवळ पोहोचलात की त्या क्षणी तो शिजवला जातो. मागे वळून निघून गेलात की तो टाकून दिला जातो. परत आलात की पुन्हा शिजतो आणि अगदी तसाच्या तसा शिजतो. हे तसंच्या तसं होणं ही यातली खरी हुशारी आहे.

ते कसं घडतं? कॉम्प्युटरचे फासे खोटे असतात. सुरुवातीला त्याला एक आकडा द्यावा लागतो, आणि त्या आकड्यावर ठरलेली गणितं करत तो पुढचे आकडे काढतो. बघणाऱ्याला ते फाशासारखे वाटतात, पण सुरुवातीचा आकडा तोच दिला तर पुढची सगळी रांगही तीच येते. या सुरुवातीच्या आकड्याला 'सीड' म्हणतात, म्हणजे बी. नाव चपखल आहे, पण एक फरक आहे. आपल्याकडे एकाच पोत्यातलं भाताचं बी वडगावच्या शिवारात एक पीक देतं आणि खानापूरच्या जांभ्या मातीत दुसरं. कॉम्प्युटरचं बी कुठल्याही मशीनवर पेरा, पीक तेच येतं; फक्त गेमची आवृत्ती तीच हवी.

१९८४ साली डेव्हिड ब्रेबन आणि इयन बेल या दोन ब्रिटिश तरुणांनी 'एलिट' नावाचा अवकाशातल्या व्यापाराचा गेम केला. ज्या बीबीसी मायक्रो कॉम्प्युटरवर तो चालायचा त्याची मेमरी होती ३२ किलोबाइट. सुप्रभातचा जो फोटो रोज सकाळी व्हॉट्सॲपवर येतो, त्यालाही याहून जास्त जागा लागते. तेवढ्यात त्यांनी ८ दीर्घिका बसवल्या, प्रत्येकीत २५६ ग्रह. प्रत्येक ग्रहाचं नाव, तिथलं सरकार, तिथला व्यापार, सगळं बीजातून निघायचं. मला त्यातली आवडती गोष्ट वेगळीच आहे. त्यांच्या गणितातून दोन कोटी ऐंशी लाख कोटींच्या वर दीर्घिका निघू शकत होत्या आणि त्यांना त्या सगळ्या द्यायच्या होत्या. प्रकाशकांनी अडवलं. एवढ्या दिल्या तर खेळणाऱ्याला गणिताचा वास येईल, असं त्यांचं म्हणणं. चाळीस वर्षांपूर्वी ओळखलेली ही गोष्ट पुढच्या अनेकांना पुन्हा नव्याने शिकावी लागली.

दुसरा गैरसमज: फासे टाकले की डोंगर होतो. प्रत्येक जागेची उंची फासे टाकून ठरवली तर इथे तीन फूट आणि शेजारी तीनशे असं होईल, म्हणजे डोंगराऐवजी खिळ्यांची गादी. खऱ्या जमिनीत शेजार असतो, एका जागेची उंची शेजारच्या जागेचं ऐकते. ही अडचण केन पर्लिन यांनी सोडवली. १९८२ च्या 'ट्रॉन' या चित्रपटाच्या कॉम्प्युटर-दृश्यांवर त्यांनी काम केलं होतं आणि त्या चित्रांचा गुळगुळीत, यंत्री चेहरा त्यांना खटकत होता. त्यातून त्यांनी जी रीत काढली तिला आज पर्लिन नॉइज म्हणतात. १९९७ मध्ये त्यासाठी त्यांना ऑस्कर देणाऱ्या अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. रीत थोडक्यात अशी: जमिनीवर ठरावीक अंतराने खुणा करायच्या, प्रत्येक खुणेपाशी उतार कुठल्या बाजूला ते फाशांनी ठरवायचं, आणि मधली जागा मऊपणे जोडून घ्यायची. झाली एक लाट. मग तिच्यावर तिच्याहून बारीक लाट चढवायची, त्यावर आणखी बारीक.

येळ्ळूरच्या राजहंसगडावर पावसाळा संपता संपता जा आणि पश्चिमेकडे तोंड करून उभे राहा. लांब सह्याद्रीची निळी रेघ, ही मोठी लाट. अलीकडे टेकड्या आणि टेंब, ही मधली. पायाखाली बांध, ढेकळं, दगड, ही बारीक. कॉम्प्युटर तिन्हींची बेरीज करतो, आणि आपल्या डोळ्यांना ते पटतं.

पटतं, पण किती वेळ?

'नो मॅन्स स्काय' हा गेम ऑगस्ट २०१६ मध्ये आला. इंग्लंडमधल्या गिल्डफर्डच्या हॅलो गेम्स या छोट्या कंपनीचा. ग्रहांची संख्या सांगितली होती २ चा ६४ वा घात, म्हणजे साधारण १ लाख ८४ हजार कोटी कोटी. एकेक ग्रह एकेक सेकंद बघायचा म्हटलं तरी ५८ हजार कोटी वर्षं लागतील. लोक तुटून पडले आणि बऱ्याच जणांचा थोड्याच दिवसांत हिरमोड झाला. कबूल केलेल्या काही गोष्टी सुरुवातीला त्यात नव्हत्या, हे एक कारण. दुसरं कारण आपल्या विषयाचं आहे. दहाव्या ग्रहावर हिरवं आकाश, अकराव्यावर जांभळं; दहाव्यावर सहा पायांचा प्राणी, अकराव्यावर चार पायांचा. गणिताने बघितलं तर दोन ग्रह सारखे नाहीत. डोळ्यांनी बघितलं तर वेगळेही नाहीत.

केट कॉम्प्टन या अमेरिकन गेम-संशोधकाने यासाठी ओटच्या लापशीची उपमा दिली आहे. लापशीचे दहा हजार वाडगे केले, तर प्रत्येकातला प्रत्येक दाणा वेगळ्या जागी पडलेला असतो. खाणाऱ्याला मात्र दहा हजार वेळा लापशीच मिळते. आपण उप्पीट म्हणू. कालच्या उप्पीटात मोहरी डावीकडे होती आणि आज उजवीकडे आहे, हे सांगून कुणी घरच्यांना खूश करून बघावं.

आता हाताने घडवलेल्याकडे येऊ. 'द एल्डर स्क्रोल्स' या मालिकेचा दुसरा गेम, 'डॅगरफॉल', १९९६ चा. जमीन बहुतेक सगळी कॉम्प्युटरने काढलेली, आणि क्षेत्रफळ सांगतात १,६१,६०० चौरस किलोमीटर, कर्नाटकापेक्षा थोडं कमी. (आमच्याकडे राज्याच्या आकाराचा विषय निघाला की चहा गार होतो, म्हणून पुढे जातो.) गावं हजारोंनी. एका गावातून दुसऱ्या गावी पायी जायला तास लागायचे आणि वाटेत काहीच नसायचं, म्हणून सगळे नकाशावर बोट ठेवून उडी मारायचे. त्यानंतरचा मोठा गेम 'मोरोविंड', २००२ चा. याच कंपनीने उलटं टोक पकडलं. दहा चौरस मैलांच्या आसपासचं एक बेट आणि त्यावरचं जवळजवळ सगळं माणसांनी मांडलेलं.

'मोरोविंड'मधली एक गोष्ट मला फार मोठी वाटते. त्यात कुठे जायचं ते दाखवणारा बाण नाही. माणसं तोंडी पत्ता सांगतात: पूल ओलांडा, फाटा लागेल, डावीकडे वळा, थडगं दिसलं की थांबा. अगदी आपल्यासारखं. शहापुरात कुणाला घर विचारा. "सरळ जावा, देऊळ लागतंय बघा, त्याच्या अंगाला बोळ हाय, बोळात पिठाची गिरण, गिरणीच्या वर." भाग्यनगरात हे लागत नाही. तिथं फर्स्ट क्रॉस, सेकंड क्रॉस, प्लॉट नंबर. पोस्टमनला भाग्यनगर बरं, हे मान्य. पण शहापूरचा पत्ता सांगता येतो, कारण सांगणाऱ्याला गिरण माहीत असते. कॉम्प्युटरने आपोआप काढलेल्या जगात पात्राला गिरण माहीत नसते. बीमध्ये ती दडलेली असली, तरी तुम्ही तिथे जाईपर्यंत ती कुणी काढलेली नसते. तिथल्या पात्रांना असा पत्ता सांगणं अवघड जातं, म्हणून बहुधा बाण दाखवावा लागतो. बाण दिसला की खेळाडू आजूबाजूला बघायचा थांबतो, आणि आजूबाजूचं जग मुळात बघण्यासाठीच केलेलं असतं. माझ्या मते दोन रीतींमधला सगळ्यात खोल फरक हाच आहे. एकीत एक जागा दुसऱ्या जागेबद्दल काही जाणते.

हाताने घडवणं म्हणजे प्रत्येक गवताची काडी हाताने लावणं नव्हे. नजर कुठे जाईल ते ठरवणं. निन्टेन्डोचा 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' २०१७ चा. त्याच्या चमूने जपानमधल्या एका परिषदेत सांगितलं होतं, की जमीन घडवताना ते त्रिकोण वापरत. टेकडी, खडक, घर, काहीही असो, आकार त्रिकोणी ठेवायचा. त्रिकोणाचे दोन फायदे. समोर आला की माणूस विचारात पडतो: वरून चढू की वळसा घालू? आणि त्रिकोण मागचं झाकतो, पण हळूहळू उघडं करतो. बेळगावातून येळ्ळूरच्या रस्त्याला लागा. गड दिसतो, झाडीत जातो, वळणावर पुन्हा दिसतो, या वेळी थोडा मोठा. दर वेळी वाटतं, आलंच. या गेमचे दिग्दर्शक हिदेमारो फुजिबायाशी क्योटोचे. कुठलं ठिकाण कुठल्या ठिकाणापासून किती लांब असावं याचा अंदाज घ्यायला त्यांनी चक्क क्योटोचा नकाशा गेमच्या जमिनीवर ठेवून बघितला होता. ओळखीच्या शहरात अमुक ठिकाणाहून तमुक ठिकाणी चालत जायला किती वेळ लागतो हे पायांना माहीत असतं. तो अंदाज त्यांनी गेममध्ये नेला.

मला खेळाडूचं फिरणं उधारीसारखं वाटतं. टेकडीमागे काय आहे हे माहीत नसताना तो पाच मिनिटं चालतो, म्हणजे आपली पाच मिनिटं गेमला उधार देतो. टेकडीमागे काहीतरी निघालं तर पुढच्या टेकडीसाठी तो दहा मिनिटं देतो. तीन वेळा काहीच निघालं नाही की खातं बंद. हाताने घडवलेल्या गेममध्ये ही उधारी फेडणारा माणूस असतो, तोच तो पुलावर पाटी लावणारा. नियमांच्या जगात फेडणार कोण?

इथे थांबलो तर लेख हाताच्या बाजूने झुकेल आणि ते खरं होणार नाही. हाताने घडवलेलंही उप्पीट होऊ शकतं. नकाशावर सारखे मनोरे, प्रत्येक मनोऱ्यावर चढलं की आजूबाजूच्या तीस खुणा उघडणार, तीस खुणांवर तीच पाच कामं: असे किती गेम गेल्या पंधरा वर्षांत आले! सगळं माणसांनी केलेलं, आणि सरकारी फॉर्म भरल्याची मजा. २०२२ चा 'एल्डन रिंग' हाताने घडवलेल्या जगाचा फार वरचा नमुना, पण त्यातल्या छोट्या भुयारी स्मशानांत तेच दगड आणि तेच राक्षस पुन्हा भेटू लागतात तेव्हा तिथेही मन उडतं.

उलट, नियमांचं जग कुठे जिंकतं? पहिलं ठिकाण 'रोग', १९८० चा गेम. अक्षरांनी काढलेलं भुयार, दर खेळाला नवीन. तो करणाऱ्या विद्यार्थ्यांची तक्रार अशी होती की आपण लिहिलेला गेम आपल्यालाच खेळता येत नाही, कारण सगळं माहीत असतं. नियम लिहिले की लिहिणाराही फसतो. अशा गेममध्ये नकाशा पाठ करून उपयोग नसतो, तिथलं वागणं शिकावं लागतं: विष कसं ओळखायचं, पळायचं कधी. कॅरमच्या सोंगट्या दर वेळी वेगळ्या फुटतात म्हणून कुणी कॅरमला कंटाळत नाही. बोर्ड बघायला कोण बसतं?

दुसरं ठिकाण 'माइनक्राफ्ट'. पर्लिन नॉइजच्या जातीच्या गणितातून निघालेली जमीन, मधोमधपासून चारी दिशांना तीन-तीन कोटी ठोकळे. ती बघण्यासाठी नाही, वापरण्यासाठी आहे. तिथली टेकडी म्हणजे कच्चा माल. भाच्याने एका कड्याखाली घर बांधलं तेव्हापासून त्या कड्याला नाव आहे. उधारी फेडणारा दुसरा कुणी नव्हता, म्हणून ती त्याने स्वतःच फेडली. 'नो मॅन्स स्काय'ने आल्यानंतर तीनच महिन्यांत पहिला मोठा बदल केला तो हाच: खेळाडूला ग्रहावर स्वतःचा तळ बांधू दिला. पुढची कित्येक वर्षं ते फुकट भर घालत राहिले आणि रुसलेले लोक परत आले.

आणि नियमांतूनही कधी कधी अशी एखादी गोष्ट निघते जी कुणीच ठेवलेली नसते. 'माइनक्राफ्ट'च्या जुन्या आवृत्त्यांत मधोमधपासून १,२५,५०,८२१ ठोकळे दूर गेलं की जमीन पिसाळायची. आभाळाएवढ्या भिंती, त्यांना चाळणीसारखी भोकं, मैलोन् मैल. गणितातला आकडा त्याला दिलेल्या जागेत मावेनासा व्हायचा आणि लाटांचा हिशोब फाटायचा, एवढंच कारण. लोकांनी त्या प्रदेशाला 'फार लँड्स' नाव दिलं. एक ठोकळा एक मीटरचा, म्हणजे अंतर साडेबारा हजार किलोमीटर, बेळगाव-पुणे अठरा वेळा जाऊन येण्याएवढं. कर्ट जे. मॅक नावाच्या अमेरिकन खेळाडूने मार्च २०११ मध्ये तिकडे पायी निघायचं ठरवलं आणि तो वर्षानुवर्षं चालत राहिला. व्हिडिओ करायचा, धर्मादाय कामाला पैसे जमवायचा. २०११ मध्येच नव्या आवृत्तीत ती चूक दुरुस्त झाली. तो जुनीच आवृत्ती घेऊन चालत राहिला, कारण नव्या जगात तो प्रदेशच उरला नव्हता. तिथं काय आहे हे त्याला आधीपासून माहीत होतं. माझ्या उधारीच्या हिशोबात हा माणूस बसत नाही.

प्रत्यक्षात आज बहुतेक मोठे गेम दोन्ही हातांनी जेवतात. 'स्पेलंकी' घ्या. डेरेक यू यांनी २००८ मध्ये तो फुकट दिला होता. त्याची प्रत्येक पातळी चार बाय चार अशा सोळा खोल्यांची. वरून खालपर्यंत वाट नक्की निघेल अशा खोल्या कॉम्प्युटर आधी ठरवतो, पण प्रत्येक खोलीचा साचा माणसाने काढलेला असतो आणि त्यात बारीक फेरफार कॉम्प्युटर करतो. मोठ्या गेमांत बहुधा उलटा क्रम असतो: जंगल, खडक, गवत यंत्राने पसरून घ्यायचं आणि मग माणसांनी त्यावर हात फिरवायचा. २०२३ च्या 'स्टारफील्ड'मध्ये हजारावर ग्रह, जमीन यंत्राची आणि वरच्या इमारती हाताच्या. मिश्रण कागदावर बरोबर वाटतं. पण हाताने केलेली तीच इमारत, आतल्या वस्तूंसकट, वेगवेगळ्या ग्रहांवर पुन्हा भेटते अशी ओरड झाली. पाटी एकाच पुलावर असली तर गंमत, प्रत्येक पुलावर असली तर पीडब्ल्यूडी.

सगळ्यात विचित्र मिश्रण मायक्रोसॉफ्टच्या २०२० च्या 'फ्लाइट सिम्युलेटर'चं. त्यात अख्खी पृथ्वी आहे. जमिनीवर उपग्रहाचे फोटो, निवडक शहरं नीट बांधलेली, आणि बाकी घरं कॉम्प्युटरने फोटो आणि नकाशे बघून अंदाजाने उभी केलेली. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या एका साध्या वस्तीत त्यातून चांगले दोनशे बारा मजले असलेला एक सुळका उगवला. कुणीतरी खुल्या नकाशात दोन मजले लिहिताना चुकून २१२ टाकले होते. यंत्राने मुकाट्याने बांधले. माणूस असता तर त्याने खिडकीतून बाहेर बघितलं असतं. लोक मात्र विमानं घेऊन तो सुळका बघायला जायला लागले. आपल्या गावासारख्या गावांवरून उडालात तर हेच लक्षात ठेवा: रस्ता खरा असतो, घर अंदाजाचं.

भाच्याचं आता असं चाललंय. अवकाशाचा गेम सुटला, 'माइनक्राफ्ट' परत आलं. त्याच्या खानापूरच्या चुलतभावाला त्याने कड्याखालचं घर बघायला बोलावलं. बी फोनवर वाचून दाखवलं, वीसएक अंक, मग पत्ता: "नदीच्या कडेनं जा, दोन टेकड्या सोड, धबधबा लागंल, त्याच्या मागं कडा." त्याने खानापुरात ते अंक टाकले. नदी होती, दोन्ही टेकड्या होत्या, धबधबा होता, कडाही अगदी तसाच होता.

"घर कुठं हाय रे?"

भाचा माझ्याकडे बघायला लागला. बीमध्ये जमीन येते, घर येत नाही. त्याने नंतर ठेवलेला प्रत्येक दगड त्याच्या लॅपटॉपवर वेगळा लिहून ठेवलेला असतो, आणि ती फाइल बीसारखी फोनवर वाचून दाखवता येत नाही. रविवारी खानापूरच्या बसने जायचं ठरलंय. पेन ड्राइव्ह माझ्याकडून घेतलाय, त्यातले लग्नाचे फोटो न विचारता पुसून.